जीपीए २.८, मुलगा अकरावीत – कॉलेजचं काय करायचं?

पाऊसवेडी:
नमस्कार मंडळी. बरेच दिवस लिहू की नको करत होते, आज लिहूनच टाकते. आम्ही कॅलिफोर्नियात, बे एरियात. मुलगा ज्युनियर इयरला, म्हणजे अकरावीत, स्प्रिंग सेमिस्टर चालू आहे. अनवेटेड जीपीए (म्हणजे ग्रेडची साधी सरासरी, चारपैकी) २.८. नववीत पार ढेपाळला होता (२.२ च्या आसपास, स्पॅनिश १ मध्ये एका सेमिस्टरला चक्क डी), दहावीत २.८ आणि यावर्षी आतापर्यंत साडेतीन. म्हणजे पोरगं सावरलंय पण सरासरी काही केल्या तीनच्या वर जात नाही. आमच्या ओळखीतली झाडून सगळी मुलं ४.३, ४.४ वाली (अवघड विषयांचे जादा पॉइंट धरून), त्यामुळे मंडळाच्या कार्यक्रमात "मग कुठेकुठे अप्लाय करणार?" हा प्रश्न आला की मी पाणी आणायला उठते.

एका खाजगी कन्सल्टंटला भेटलो. त्याने आधी फी सांगितली (ती इथे लिहीत नाही, कोणाला चक्कर यायची) आणि मग म्हणाला आपण त्याची एक नॉनप्रॉफिट संस्था सुरू करू. ज्याला स्वतःचे मोजे सापडत नाहीत त्याची संस्था!

तर प्रश्न असा की एवढ्या मार्कांवर थेट चार वर्षांच्या कॉलेजला मिळतं का? की सरळ कम्युनिटी कॉलेज (दोन वर्षांचं, स्वस्तातलं)? नवरा म्हणतो गॅप इयर घेऊ दे. तुमच्या घरात, ओळखीत कोणी यातून गेलं असेल तर सांगा. मुलांना शिस्त कशी लावावी यावर लेक्चर नको प्लीज, ते सासूबाई देतात.

फोडणीचा_भात:
पहिला प्रतिसाद माझा. कामाचं बोलणारे लोक मागून येतायत. मोजे कॉटच्या खाली बघा.

वाटाड्या७७:
पाऊसवेडी, आधी एक काम करा, तो २.८ आकडा डोक्यातून काढून टाका कारण यूसी (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया) आणि कॅल स्टेट (कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटी) दोघंही तो आकडा बघतच नाहीत. दोघंही आपापला जीपीए काढतात आणि त्यात नववीच्या ग्रेड धरत नाहीत. नववीनंतरच्या समरपासून अकरावीनंतरच्या समरपर्यंत जे ए-जी विषय (म्हणजे या दोघांनी प्रवेशासाठी ठरवून दिलेले) झाले तेवढेच. तुम्ही दिलेल्या आकड्यांवरून दहावी २.८ आणि अकरावी ३.५, म्हणजे साधारण ३.१५ होतात. त्यात एपी (कॉलेजच्या पातळीचे विषय) किंवा यूसीमान्य ऑनर्स घेतले असतील तर त्याचे जादा पॉइंट वेगळे (जास्तीत जास्त आठ सेमिस्टर, त्यातले दहावीतले चारच, आणि सी किंवा वर असेल तरच). कॅलिफोर्नियातल्या मुलांना यूसीची किमान अट ३.० आहे, म्हणजे तो अपात्र नाहीये. कॅल स्टेटला २.५ ला पात्रता.

नववीचे विषय जीपीएत नसले तरी पास झालेले लागतात, म्हणजे सी किंवा वर. तो स्पॅनिशचा डी आहे ना, त्याने पुढे स्पॅनिश २ सी किंवा वर ग्रेडने केलं असेल तर तो डी आपोआप भरून निघतो, भाषेला आणि गणितात बऱ्याच ठिकाणी ही सोय आहे. बाकी कुठल्या विषयात डी असेल तर समरमध्ये रिपीट करता येतो. सी मात्र रिपीट करून उपयोग नाही, तो बदलत नाही. उगाच त्याचा समर त्यात घालवू नका.

पाऊसवेडी:
वाटाड्या, मी हे वाचून दोनदा कॅल्क्युलेटर काढला!! नववी धरत नाहीत हे आम्हाला कोणीच सांगितलं नव्हतं. शाळेच्या काउन्सेलर बाईंकडे इतकी मुलं आहेत की आमच्या वाट्याला दहा मिनिटं आली आणि त्यातली पाच त्यांचं कॉम्प्युटर चालू होण्यात गेली. स्पॅनिश २ मध्ये बी आहे. म्हणजे डी गेला?

वाटाड्या७७:
गेला. पेढे नकोत, पुढच्या दोन्ही सेमिस्टरकडे लक्ष असू दे.

निवांत:
मी जरा थंड पाणी ओततो, राग नसावा. ३.० ही अर्ज करण्याची पात्रता आहे, प्रवेशाची नाही. ३.१५ वर यूसीची बर्कली, एलए, सॅन डिएगो ही कॅम्पस सोडाच, अर्व्हाइन आणि डेव्हिसलाही अवघड. मर्सेड शक्य आहे, रिव्हरसाइड थोडं नशिबावर. कॅल स्टेटमध्येही सगळं सारखं नाही, सॅन लुइस ओबिस्पो, सॅन डिएगो स्टेट, लाँग बीच इथे गर्दी प्रचंड आणि तिथे २.५ ला कोणी विचारत नाही. आणि सॅन होजे स्टेटला कॉम्प्युटर सायन्स म्हणाल तर तेही विसरा. पण ईस्ट बे, सोनोमा, चिको, हम्बोल्ट, स्टॅनिस्लॉस इथे या ग्रेडवर मिळू शकतं. प्रश्न असा आहे की तुम्हाला ती नावं मंडळात घ्यायला चालणार आहेत का.

पाऊसवेडी:
टोचलं, पण खरं आहे.

डॅलसकर:
आमच्याकडे टेक्सासात तर वेगळाच ताप. इथे जीपीए नाही, रँक. १९९७ साली कायदा झाला की शाळेच्या वरच्या दहा टक्क्यांत असाल तर सरकारी युनिव्हर्सिटीला आपोआप प्रवेश. ऑस्टिनच्या युनिव्हर्सिटी ऑफ टेक्सासला (यूटी) इतकी गर्दी झाली की त्यांना मर्यादा घालून मिळाली, बरीच वर्षं सहा टक्के होते आणि २०२६ च्या फॉलपासून पाच टक्के. आता आपले लोक चांगल्या शाळा चांगल्या शाळा करत ज्या भागात घरं घेतात तिथे पहिल्या पाच टक्क्यांत यायला काय करावं लागत असेल विचार करा. माझा भाचा ३.७ घेऊन निम्म्याच्याही खाली होता. बहिणीने घर घेताना शाळेचं रेटिंग बघितलं होतं, दहापैकी दहा.

त्याला ऑस्टिनने थेट घेतलं नाही पण कॅप नावाची ऑफर दिली, म्हणजे पहिलं वर्ष यूटीच्याच दुसऱ्या एखाद्या कॅम्पसला करायचं, ३० क्रेडिट आणि ३.२ जीपीए ठेवला की दुसऱ्या वर्षी ऑस्टिनला जागा नक्की. फक्त ती जागा लिबरल आर्ट्समध्ये नक्की असते, इंजिनिअरिंग वगैरेला परत लाइनीत उभं राहा. टेक्सास ए अँड एम युनिव्हर्सिटीचं तसंच ब्लिन या कम्युनिटी कॉलेजबरोबर आहे, काही विषय इकडे काही तिकडे. भाचा सॅन अँटोनिओला वर्ष काढून आला, आता इकॉनॉमिक्स करतोय, मजेत आहे. बहीण अजून पाहुण्यांना सांगताना ते पहिलं वर्ष गाळते.

फोडणीचा_भात:
>> बहीण अजून पाहुण्यांना सांगताना ते पहिलं वर्ष गाळते

यूसी नववी गाळते, ताई पहिलं वर्ष गाळतात. पद्धत तीच.

सानिका_व्ही:
मी इथे सहसा फक्त वाचते पण हा धागा बघून राहवलं नाही, कारण मी ते मूल आहे. हायस्कूलमध्ये माझा जीपीए तुमच्या मुलापेक्षा कमी होता. कारणं होती थोडी, आणि थोडा निव्वळ आळस. कम्युनिटी कॉलेजला गेले, कोणी ग्रेड विचारल्याच नाहीत, हायस्कूलचा दाखला पुरतो. तिथून दोन वर्षांनी टॅग करून यूसी डेव्हिसला.

टॅग म्हणजे ट्रान्सफर ॲडमिशन गॅरंटी. सहा कॅम्पस देतात : डेव्हिस, अर्व्हाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सँटा बार्बरा, सँटा क्रूझ. बर्कली, एलए आणि सॅन डिएगो देत नाहीत पण तिथे साधा ट्रान्सफर अर्ज करता येतोच. टॅग एकाच कॅम्पसला करता येतो, सप्टेंबरात भरायचा, आणि नंतर नेहमीचा यूसीचा अर्ज पण भरायचा (माझी एक मैत्रीण हा दुसरा भाग विसरली, गॅरंटी गेली कचऱ्यात). कॅम्पसने ठरवलेला जीपीए आणि ठरवलेले विषय झाले की ते नाही म्हणू शकत नाहीत. आणि तिथे हायस्कूलच्या ग्रेड कोणी बघत नाही. अक्षरशः नवी पाटी.

कुठला विषय कुठे चालतो ते असिस्ट डॉट ऑर्ग वर मिळतं. तुमचं कॉलेज टाका, जायचं कॅम्पस टाका, मेजर (डिग्रीचा मुख्य विषय) टाका, यादी समोर. पहिल्या दिवसापासून ती यादी उघडी ठेवायची. ज्यांनी नाही ठेवली ते तिसरं वर्ष, चौथं वर्ष तिथेच घुटमळत होते.

आणि खर्च. युनिटला ४६ डॉलर. बऱ्याच ठिकाणी पूर्णवेळ पहिल्यांदा येणाऱ्या मुलांना पहिली दोन वर्षं तेवढीही फी माफ असते. माझ्या धाकट्या भावाची खाजगी कॉलेजची फी ऐकली की आईबाबा माझ्याकडे फार प्रेमाने बघतात.

निवांत:
सानिका, तुमचं अभिनंदन, खरंच. पण तुम्ही यशस्वी झालात म्हणून इथे लिहिताय. जे झाले नाहीत ते धाग्यावर येत नाहीत. देशभराचा हिशोब धरला तर कम्युनिटी कॉलेजला जाणाऱ्यांपैकी बहुतेक जण म्हणतात की आम्हाला पुढे बॅचलर्स करायचंय, प्रत्यक्षात साधारण एक तृतीयांश ट्रान्सफर होतात आणि सहा वर्षांत बॅचलर्स हातात पडणारे सहातला एक. ज्या मुलाला नववी-दहावीत स्वतःहून अभ्यास जमला नाही त्याला अशा जागी पाठवायचं जिथे हजेरीला कोणी विचारत नाही, हॉस्टेल नाही, संध्याकाळी सगळे आपापल्या कामाला, आणि हा घरी येऊन त्याच खोलीत त्याच गेमवर? मला तरी हा धोका वाटतो. त्यापेक्षा एखादं साधं चार वर्षांचं कॉलेज, पण घराबाहेर, बरोबर तशाच वयाची मुलं, पहिल्या वर्षाला ॲडव्हायजर मागे लागलेला.

सानिका_व्ही:
आकडे बरोबर असतील पण त्यात नोकरी करून एक-एक विषय घेणारे, मुलंबाळं सांभाळणारे, सर्टिफिकेटपुरते आलेले असे सगळे आहेत. अठराव्या वर्षी पूर्णवेळ जाणारं मूल, घरी जेवण तयार, आईबाबा पाठीशी, त्याची तुलना त्या सगळ्यांशी नका करू. आणि हजेरीला कोणी विचारत नाही हे तर चार वर्षांच्या कॉलेजलाही तितकंच खरं आहे, तीनशे मुलांच्या हॉलमध्ये कोण विचारतं? मला कम्युनिटी कॉलेजला तीस-पस्तीस मुलांचा वर्ग होता आणि केमिस्ट्रीच्या सरांना माझं नाव माहीत होतं.

घरी राहण्याबद्दल मात्र मान्य. पहिलं वर्ष एकटं वाटलं. सगळ्या मैत्रिणींचे डॉर्मचे फोटो येत होते.

राधा_नोव्हा:
दोघांचंही पटलं :) आमच्या व्हर्जिनियात पण तशीच सोय आहे, कम्युनिटी कॉलेजातून असोसिएट डिग्री (दोन वर्षांची) ठरलेल्या ग्रेडने केली की यूव्हीए (युनिव्हर्सिटी ऑफ व्हर्जिनिया), विल्यम अँड मेरी वगैरेंचे गॅरंटीड करार आहेत. नोव्हा (नॉर्दर्न व्हर्जिनिया कम्युनिटी कॉलेज) आणि जॉर्ज मेसन युनिव्हर्सिटीचा ॲडव्हान्स नावाचा प्रोग्रॅम २०१८ पासून आहे, पहिल्या दिवसापासून दोन्हीकडचं ओळखपत्र, त्यामुळे "मी कुठलाच नाही" असं वाटत नाही. शेजारच्यांची मुलगी त्यातून गेली. करार नीट वाचा पण, गॅरंटी युनिव्हर्सिटीची असते, प्रत्येक मेजरची नसते.

आजोबा_ऑनलाइन:
आमच्या वेळी मॅट्रिकला ४५ टक्के म्हणजे गल्लीत पेढे. आता ९५ ला आई रडते. मुलाला माझा आशीर्वाद सांगा.

पेठेतला:
अवांतर होतंय पण लिहितो. इथे पुण्यात बसून वाचताना गंमत वाटली, तुमचं ते टॅग म्हणजे आमचा डिप्लोमाच झाला की. दहावीला कमी पडले, अकरावी सायन्सची कटऑफ गाठली नाही, पॉलिटेक्निकला गेला, तीन वर्षांनी थेट दुसऱ्या वर्षाला इंजिनिअरिंगला. बारावीवाले सीईटीच्या पर्सेंटाइलवर भांडत बसतात आणि हे बाजूच्या दाराने आत. आमच्या ऑफिसात डिप्लोमावाले मशीनला हात लावायला घाबरत नाहीत, बारावीवाले आधी मॅन्युअल शोधतात. हे माझं मत, पुराव्याने शाबित वगैरे नाही.

निवांत:
पेठेतला, बाजूचं दार म्हणू नका, सानिका चिडतील.

सानिका_व्ही:
नाही चिडले. दार कुठलं का असेना, आत गेल्यावर ऑरगॅनिक केमिस्ट्री सगळ्यांना सारखीच छळते.

वाटाड्या७७:
क्रेग व्हेंटर माहितीय का? मानवी जीनोम वाचणाऱ्या शर्यतीतला. आपल्या इथल्याच मिलब्रेच्या हायस्कूलचा, ग्रेड सी आणि डी, सर्फिंगवर लक्ष. व्हिएतनाममध्ये नौदलाच्या हॉस्पिटलात काम केलं, परत येऊन कॉलेज ऑफ सॅन मटेओ, म्हणजे कम्युनिटी कॉलेज, मग यूसी सॅन डिएगो, आणि १९७५ ला तिथूनच पीएचडी. आयलीन कॉलिन्स, स्पेस शटलची पहिली महिला कमांडर, ती पण कॉर्निंग कम्युनिटी कॉलेजची.

निवांत:
आला व्हेंटर. मी वाटच बघत होतो. प्रत्येक धाग्यात एक असा अपवाद येतोच आणि मग सगळ्या आया रात्री शांत झोपतात.

फोडणीचा_भात:
म्हणजे मधे व्हिएतनाम पण करायला लागेल का? पाऊसवेडींचा नवरा गॅप इयर म्हणालाच होता.

डॅलसकर:
हहपुवा!

मृद्गंध:
मी एका हायस्कूलमध्ये काउन्सेलर आहे (कॅलिफोर्नियात नाही), सकाळपासून हे वाचतेय, आता मोठं लिहिते.

पहिलं, चढता आलेख. २.२ पासून ३.५ पर्यंत येणारं मूल आणि ३.५ वरून २.२ ला घसरणारं मूल यांची सरासरी जवळजवळ सारखी निघेल पण वाचणारा माणूस त्यांना सारखं वाचत नाही. यूसीबाहेरची, कॉमन ॲपवाली (अनेक कॉलेजांना चालणारा एकच अर्ज) बरीच कॉलेजं पूर्ण ट्रान्सक्रिप्ट (सगळ्या वर्षांची गुणपत्रिका) बघतात आणि बरोबर शाळेचं प्रोफाइल बघतात, म्हणजे त्या शाळेत काय काय उपलब्ध होतं आणि यातलं मुलाने काय घेतलं. म्हणून बारावीचं वेळापत्रक हलकं करू नका. ग्रेड चांगल्या दिसाव्यात म्हणून गणित सोडून दिलं, असं पालक दरवर्षी करतात आणि ते लगेच दिसतं. बारावीच्या पहिल्या सेमिस्टरचा रिपोर्ट कॉमन ॲपवाल्यांकडे जातो, तीच त्याची सगळ्यात मोठी संधी आहे.

दुसरं, नववीत काय झालं ते लिहावं का? कारण असेल तर लिहावं, पण निबंधात नको, त्यासाठी अर्जात वेगळी जागा असते. चार ओळी, सरळ. काय झालं, कधी झालं, आता कसं आहे. आजारपण, घर बदललं, घरात कोणी गेलं, निदान न झालेलं एडीएचडी, हे सगळं लिहिण्यासारखं आहे. काही कारणच नसेल तर शोधून काढू नका. "मी तेव्हा अभ्यास करत नव्हतो" हे वाक्यसुद्धा ठीक असतं, पण त्याच्या पुढच्या वाक्यात अकरावीत काय बदललं ते हवं. आणि हे मुलाने लिहायचं. आईने लिहिलेलं पहिल्या ओळीत कळतं, त्यात स्वल्पविराम बरोबर असतात.

तिसरं, सॅट ही प्रवेशपरीक्षा. यूसी आणि कॅल स्टेट बघत नाहीत, दिली काय न दिली काय. पण बाहेर ज्या कॉलेजांना स्कोअर ऐच्छिक आहे तिथे ग्रेड कमी आणि स्कोअर चांगला असेल तर जरूर पाठवावा. उलट असेल तर गप्प बसावं.

चौथं, मे महिन्यात सगळं संपलं असं समजू नका. नॅकॅक ही काउन्सेलरांची संघटना दर मेमध्ये अजून जागा शिल्लक असलेल्या कॉलेजांची यादी काढते, त्यात चांगली चांगली नावं असतात. ही यादी आहे हेच बऱ्याच जणांना माहीत नसतं.

आणि गॅप इयर. कशासाठी, हे मुलाला एका वाक्यात सांगता आलं तर घ्यावं. नाहीतर ते वर्ष सोफ्यावर जातं.

पाऊसवेडी:
मृद्गंध, स्वल्पविरामाचं वाचून मी माझा अर्धा लिहिलेला निबंध डिलीट केला. (हो, लिहिला होता. गप्प बसा सगळे.)

कोरा_कागद:
आमची थोडी वेगळी अडचण. मुलगी एच-४ वर (एच-१बी वाल्यांच्या मुलांचा व्हिसा) आहे, ग्रेड तशाच मध्यम. कम्युनिटी कॉलेज चालतं का तिला? फेडरल एड (केंद्र सरकारची आर्थिक मदत) मिळत नाही ना?

वाटाड्या७७:
एच-४ वर शिकायला काहीच आडकाठी नाही, कम्युनिटी कॉलेजही चालतं. फेडरल एड मिळत नाही. इन-स्टेट फीचे (राज्यातल्या रहिवाशांना लागणारी कमी फी) नियम राज्याराज्यात वेगळे, कॅलिफोर्नियात एच-४ वाल्यांना रेसिडेन्सी दाखवता येते. खरी मेख २१ व्या वाढदिवसाची, तेव्हा एच-४ संपतो, ग्रीन कार्ड आलं नसेल तर एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर जावं लागतं, आणि एफ-१ झाल्यावर बऱ्याच ठिकाणी फी परदेशी विद्यार्थ्याची लागू शकते. त्यामुळे तुमच्या केसमध्ये दोनाचे तीन वर्षं करणं किंवा गॅप इयर घेणं महागात पडू शकतं. युनिव्हर्सिटीच्या रेसिडेन्सी ऑफिसला लेखी विचारा, व्हॉट्सॲपवरच्या काकांना नाही.

राधा_नोव्हा:
कॅलिफोर्नियावाल्यांसाठी अजून एक. डब्ल्यूयूई म्हणून पश्चिमेकडच्या राज्यांची योजना आहे, त्यात शेजारच्या राज्यातल्या भाग घेणाऱ्या कॉलेजला तिथल्या इन-स्टेट फीच्या जास्तीत जास्त दीडपट भरावी लागते. नेवाडा रिनो, नॉर्दर्न ॲरिझोना अशी कॉलेजं त्यात आहेत. निवांत म्हणतात तसं घराबाहेर पण होतं आणि दिवाळं पण निघत नाही. नणंदेचा मुलगा रिनोला आहे. सगळ्या मेजरना लागू नसते, तेवढं बघून घ्या.

डॅलसकर:
आणि पेन स्टेटचं टू प्लस टू! दोन वर्षं छोट्या कॅम्पसला आणि मग युनिव्हर्सिटी पार्क, डिग्रीवर कॅम्पसचं नावही नसतं. फक्त त्यांचे सात छोटे कॅम्पस २०२७ च्या स्प्रिंगनंतर बंद होतायत, तेव्हा कुठला निवडताय ते बघा.

निवांत:
एक राहिलं होतं ते सांगतो, सानिकांनी नवी पाटी म्हटलं म्हणून. ती पाटी एकदाच मिळते. कॉलेजचा ट्रान्सक्रिप्ट कायमचा. कम्युनिटी कॉलेजला पहिल्या सेमिस्टरला दोन एफ आणून मग "आता चार वर्षांच्या कॉलेजला ताजा अर्ज करू" असं होत नाही, आधीचं सगळं दाखवावंच लागतं. हायस्कूलमध्ये असताना जे ड्युअल एनरोलमेंटचे विषय घेतात ते पण यात येतात. पाऊसवेडी, जीपीए वर ओढायला म्हणून त्याला समरमध्ये तीन कॉलेजचे विषय लावायचा मोह होईल, तर एकच लावा, त्याला आवडतो तो.

सानिका_व्ही:
+१००. यावर निवांत यांच्याशी माझं शंभर टक्के एकमत. तारीख लिहून ठेवा कोणीतरी.

पाऊसवेडी:
मंडळी, काल रात्री जेवताना हा धागा मुलाला वाचून दाखवला (सासूबाईंचा भाग वगळून). तो म्हणाला सगळे कॉम्प्युटर सायन्स धरून का बोलतायत, मी कधी म्हणालो? खरंच, तो कधीच म्हणाला नव्हता. त्याला प्राणी-पक्षी, जंगल यातलं काहीतरी करायचंय. अकरावीत ग्रेड सुधारल्या त्या एपी एन्व्हायर्नमेंटल सायन्स घेतल्यापासून, शनिवारी पक्षी मोजायला जातो तो दलदलीच्या रेफ्यूजमध्ये (अभयारण्यात), आम्ही त्याला टाइमपास समजत होतो. तर आता या हिशोबाने काही बदलतं का?

वाटाड्या७७:
अहो हे सगळ्यात आधी सांगायचं!! सगळंच बदलतं. कॅल पॉली हम्बोल्ट. २०२२ पर्यंत हम्बोल्ट स्टेट होतं. वाइल्डलाइफ, फॉरेस्ट्री, फिशरीज यासाठी नाव आहे आणि रेडवूडची जंगलं दाराशी. कॅल स्टेटचं कॅम्पस, म्हणजे तीच २.५ वाली पात्रता. दुसरा रस्ता, कम्युनिटी कॉलेज आणि मग डेव्हिस, तिथे वाइल्डलाइफ, फिश अँड कॉन्झर्व्हेशन बायॉलॉजी असं मेजरच आहे.

राधा_नोव्हा:
डब्ल्यूयूईमध्ये युनिव्हर्सिटी ऑफ मोंटाना पण बघा, वाइल्डलाइफ बायॉलॉजी.

मृद्गंध:
आणि ती शनिवारची पक्षीमोजणी अर्जात पहिल्या नंबरवर टाका. नॉनप्रॉफिट राहू द्या.

निवांत:
मी हम्बोल्ट चौथ्या-पाचव्या प्रतिसादातच लिहिलं होतं, कोणाचं लक्षच नव्हतं.

पेठेतला:
कधी थेट बोलायची सवय लावा निवांत.

पाऊसवेडी:
निवांत, तुमचं नाव पहिल्या नंबरवर धरलंय. एप्रिलच्या सुट्टीत गाडीने हम्बोल्टला जाऊन यायचं ठरतंय. नवरा म्हणतो तिथे पाऊस फार असतो. असू दे. सानिका, तुम्हाला व्यनि केलाय डेव्हिसबद्दल, लेक तुमच्याशी बोलायला तयार आहे, आमच्याशी नाही.

सानिका_व्ही:
पाहिला. शनिवारी पक्ष्यांनंतर फोन करायला सांगा.

हिरवा_चाफा:
सगळे प्रतिसाद वाचले नाहीत, वेळ नाही झाला. माझी मुलगी आठवीत आहे, गणितात बी प्लस आलाय. खूप टेन्शन आलंय. आतापासून काय करता येईल?

फोडणीचा_भात:
नॉनप्रॉफिट.